पंचचाचांनी विचारलं होतं

पंचचाचा मुलांपेक्षा पालकांना जास्त घाबरत. मलकापुरात लहान मुलांची बुद्धिबळ स्पर्धा असली, की मुलांना पटांवर बसवायच्या आधी ते आम्हा आईबापांना शाळेच्या व्हरांड्यात गोळा करत आणि म्हणत, "पोरं तं शिस्तीतच असतात. मले भेव तुमचंच आहे." त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. स्पर्धेच्या रविवारी ते बंद ठेवून पंच म्हणून यायचे. गळ्यातली टेप कधीकधी तशीच राहून जायची.

त्यांचे नियम आम्हाला पाठ झाले होते. ज्या सोंगटीला हात लावला, तीच खेळायची. तक्रार असेल तर मुलानं घड्याळ थांबवून स्वतः हात वर करायचा, बापानं दारातून ओरडायचं नाही. मुलाच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही, कारण "तुमच्या कपाळावरची आठीबी चाल सांगते." आणि काही गैर दिसलंच, तर मुलाशी न बोलता फक्त पंचाला सांगायचं. साखरखेर्ड्याहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आपल्याच पोराची चूक दिसली तं?" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. "तवा तं पह्यले सांगजा," म्हणाले.

डाव संपवून आलेल्या मुलाला "जिंकलास का?" असं विचारायलाही त्यांची बंदी होती. "भूक लागली का, हे विचारा." एकदा एका वडिलांनी हरलेल्या मुलाचं बखोट धरलं. चाचा मधे गेले आणि त्या मुलाच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावत बसले, सावकाश, वडिलांचा हात खाली येईपर्यंत.

माझी ऋजुता तेव्हा दहा वर्षांची होती. शेवटच्या फेरीत तिच्यासमोर जानेफळची एक मुलगी होती. मी बाजूच्या खिडकीशी उभी होते. ऋजुतानं घोडा उचलला, चूक लक्षात येताच परत ठेवला आणि वजीर हलवला. त्या मुलीनं घड्याळ थांबवून हात वर केला.

"हिनं घोड्याला हात लावला."

"नाही लावला," ऋजुता म्हणाली.

चाचांनी दोघींना शांतपणे पुन्हा विचारलं. मग ते बाहेर माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही इथं उभ्या होत्या. काही दिसलं का?"

आतून ऋजुता माझ्याकडे पाहत होती.

"नाही चाचा. माझं लक्ष नव्हतं."

ते "बरं," म्हणाले आणि आत गेले. डाव पुढे सुरू झाला. ऋजुता जिंकली. जानेफळच्या मुलीनं डोळे पुसून हात मिळवला, निकालाच्या चिठ्ठीवर सही केली आणि निघून गेली. चाचा ऋजुताला घेऊन माझ्यापाशी आले. "हिले जेवू घाला," एवढंच बोलले.

घरी आम्ही दोघींनी त्या घोड्याचं नाव काढलं नाही. काही महिन्यांत ऋजुतानं खेळणंच सोडलं. अभ्यास आहे, म्हणाली. चाचा पुढेही तसेच भेटत, चहा मागवत. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. म्हणूनच की काय, मी त्यांच्या दुकानासमोरून जायचं टाळू लागले.

ते आजारी पडले तेव्हा सगळं सांगायचं ठरवून गेले होते. खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "पोरगी खेळते का अजून?"

"नाही चाचा. सोडलं तिनं."

ते "चांगली खेळे," म्हणाले. तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या आणि माझं सांगणं राहिलं ते राहिलंच. पंधरा दिवसांत चाचा गेले.

आता स्पर्धेआधी पालकांना नियम मी सांगते, त्यांच्याच शब्दांत. बोलता बोलता खिडकीकडे नजर जाते आणि वाटतं, ते पलीकडे उभे आहेत, अजून उत्तराची वाट पाहत.

मागच्या उन्हाळ्यात ऋजुता पुण्याहून आली होती. मेथी निवडत बसलो असताना मी एकदाचं बोलले, "त्या दिवशी तू घोडा उचलला होतास. मी पाहिलं होतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "चाचा तुझ्याकडे आले ना, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं होतं. वाटलं, आता आई सांगेल आणि मी सुटेन."