मास्तरांचा लवकर संपलेला पाठ

मास्तर गेल्यापासून त्या हिवाळ्याबद्दल लिहावे असे मनात आहे. लिहायला बसतो, दोन ओळी होतात आणि मी खिडकीबाहेर बघत राहतो. आमचे पाठ तपासणारे निरीक्षक तर केव्हाच वारले. त्या वर्गातल्या मागच्या बाकावरून तो पाठ पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून जेवढे होईल तेवढे लिहून ठेवतो.

बडोद्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात दाखल झालो तेव्हा मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. सकाळी व्याख्याने आणि दुपारी हायस्कुलात जाऊन प्रत्यक्ष पाठ, असा क्रम असे. पाठ जोडीने द्यायचे. एकाने शिकवायचे, दुसऱ्याने मागे बसून त्याच्या चुका टिपायच्या आणि पुढच्या दिवशी उलट. माझ्या जोडीला आले ते डभोईचे मास्तर. मिशा पिकलेल्या, डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा जुना कोट. घराणे शिलेदारांचे. आजोबा सरकारी पागेत होते, वडील कचेरीत शिपाई, आणि हे घरातले पहिले मॅट्रिक. बाकीचे आम्ही सगळे त्यांच्या मुलांच्या वयाचे. मी फारसे बोलत नसे आणि काखेत नेहमी पुस्तक असे, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझे नाव ‘पंत’ ठेवले.

आम्हा तरुणांना त्या वर्गाचा दाखला नोकरी मिळवायला हवा होता. मास्तरांना तो असलेली नोकरी टिकवायला हवा होता. यापुढे इंग्रजी शिकवणाऱ्याजवळ अध्यापनाचा दाखला पाहिजे, नसेल त्याने प्राथमिक शाळेत जावे, असे वरून ठरले होते. डभोईच्या इंग्रजी शाळेत मास्तरांची हयात गेली होती. गावात कुणाची तार आली की ती आधी त्यांच्याकडे वाचायला यायची आणि मग रडायचे की हसायचे ते त्या घराला कळायचे. आता शेवटच्या पाठाच्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले नाहीत, तर या वयात पुन्हा बाराखडी.

वाचायचे म्हटले तर त्यांना माझ्याहून जास्त इंग्रजी येत होते. अवघड पुस्तकातले वाक्य ते असे उलगडून दाखवत की मला माझ्या पदवीची लाज वाटे. पण बोलायचे म्हटले की पहिल्याच वाक्यात अडत.

“माझं इंग्रजी घरजावयासारखं आहे, पंत,” ते म्हणत. “घरात आहे, पण तोंड उघडत नाही.”

आणि आमची नवी पद्धत नेमकी तोंड उघडण्याची होती. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचे. मराठी, गुजराती काही म्हणजे काही वर्गात उच्चारायचे नाही. वस्तू दाखवा, चित्र काढा, अभिनय करा. प्रत्येक पाठाचे टाचण आधी लिहून द्यायचे. त्यात कोणता प्रश्न केव्हा विचारणार आणि त्याचे कोणते उत्तर येणार, तेही लिहायचे.

हायस्कुलातली इंग्रजी चौथीची मुले आमच्यासारख्यांना सरावलेली होती. दर हिवाळ्यात नवे शिकाऊ मास्तर येत, पिशवीतून घंटा, कंदील, लाकडी घोडा काढत, आणि होळीच्या आत नाहीसे होत. आम्ही वर्गात शिरलो की पहिल्या बाकावरून विचारणा होई, “साहेब, आज थैलीमांथी शुं काढशो?” म्हणजे आज पिशवीतून काय काढणार? एकाने तर मला बजावले होते, “घंटडी नको हां सर, घंटडी मागच्या सरांनी पण आणलेली.” खडूसुद्धा आम्हाला घरून आणावा लागे. वर्गाचे खरे मास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसत आणि आम्ही त्यांच्या वर्गात आश्रितासारखे उभे राहत असू. भिंतीवरून महाराजांची तसबीर बघत असे. दगडी खोलीत दुपारीही गारठा असे.

मास्तरांच्या पहिल्या पाठात ‘प्राउड’ हा शब्द होता. त्यांनी मिशीला पीळ दिला, छाती काढली आणि फळ्यापुढून चार पावले टाकली.

“पोलीस!” एक मुलगा म्हणाला.

“नो,” मास्तर म्हणाले, आणि मान आणखी ताठ केली.

“फौजदार, सर!”

“फौजदार नो!”

“सासरो!”

सगळा वर्ग हसला. मास्तरांच्या कपाळावर घाम दिसू लागला. आणखी एक फेरी मारून ते थांबले आणि एकदम गुजरातीत बोलून गेले, “अरे डाह्याओ, अभिमानी! अभिमानी माणस!” आणि मग त्यांचे भान सुटले. अभिमान कसला, गर्व कसला, एक चांगला आणि एक वाईट का, हे त्यांनी अर्धे गुजरातीत, अर्धे मराठीत असे रंगवून सांगितले की व्हरांड्यातल्या मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. मुले पुढे वाकून ऐकत होती. माझ्या शेजारी निरीक्षक शांतपणे लिहीत होते.

तासानंतर ते म्हणाले, “मास्तर, तुमचा पाठ छान झाला. पण तो इंग्रजीचा नव्हता.”

ते कठोर नव्हते. आवाज चढवलेला मी त्यांचा कधी ऐकला नाही. त्यामुळेच त्यांच्या बोलण्यावर वाद घालता येत नसे.

त्यानंतर आम्ही संध्याकाळी विश्वामित्री नदीवर जाऊ लागलो. पलीकडे अकोट्याची शेते आणि थोडी झाडी, दुसरे काही नव्हते. मास्तर काठावर उभे राहून मोठ्याने इंग्रजी बोलत आणि मी बसून ऐके. खाली चिखलात मगरी पडलेल्या असत.

“हे बघा आमचे मागचे बाक,” ते म्हणत. “डोळे उघडे, पण लक्ष नाही.”

एकदा बोलता बोलता ते अडले. मग म्हणाले, “पंत, या भाषेत मला चूक काय ते लगेच कळतं. म्हणूनच बोलवत नाही. तुम्हा पोरांना कळत नाही, म्हणून तुम्ही धडाधड बोलता.” मला राग आला नाही. ते खरेच होते.

परीक्षेच्या पाठासाठी त्यांना समुद्रावरच्या दीपगृहाचा धडा मिळाला. त्यांनी पत्र्याचा डबा कापून दीपगृह केले, त्यात बसेल असा छोटा दिवा शोधला, टाचण तीनतीनदा लिहिले. परीक्षेच्या दिवशी हायस्कुलाकडे जाताना ते नेहमीपेक्षा स्वस्थ दिसत होते.

“आज काळजी नाही,” ते म्हणाले. “मी शनिवारी त्यांना सगळं सांगून ठेवलंय.”

“कुणाला?”

“पोरांना. त्यांचे मास्तर रजेवर होते. तास रिकामा होता. गोष्ट सांगितली, समुद्र काय, खडक काय, दिवा कशाला, सगळं. गुजरातीत. नवे शब्द तेवढे इंग्रजीत सांगितले. आज फक्त इंग्रजी वाक्यं राहिली.”

“मास्तर, धडा नवा असायला हवा हो. तसा नियमच आहे.”

“पोरांना काही ठाऊक नसताना मी त्यांना एकदम इंग्रजीत कसा ढकलू?” ते चिडून नव्हे, मनापासून विचारत होते. “पोहायला शिकवताना आधी पाणी किती खोल आहे ते सांगत नाही का आपण?”

फसवावे असे त्यांच्या मनातही नव्हते. आणि आता करण्यासारखे काही उरले नव्हते. शाळेचे फाटक आले होते.

वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. मागे निरीक्षक गुणांचा तक्ता घेऊन बसलेले पाहून मुलांनी ओळखले, की आज मास्तरांची परीक्षा आहे. ती त्यांना मदत करायला सज्ज होऊन बसली होती. मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला, रात्री समुद्रावर काय दिसते? टाचणाप्रमाणे याचे उत्तर ‘काळोख’ असे यायचे होते आणि तिथून हळूहळू दिव्यापर्यंत जायचे होते. पण सगळ्या वर्गाने एका आवाजात सांगितले, “लाइटहाउस, सर!”

दुसरा प्रश्न पुरा व्हायच्या आत दुसरे उत्तर आले. मग तिसरे. नवे शब्द फळ्यावर पडण्याआधीच मुले ते म्हणून दाखवू लागली. डब्याचे दीपगृह पिशवीतून बाहेर येताच एकाने त्याची सगळी माहिती दिली. प्रेमाने, घाईघाईने, एकमेकांच्या पुढे जात त्यांनी मास्तरांचा पाऊण तासाचा पाठ पंधरा मिनिटांत संपवला. निरीक्षकांनी टाचणाचा शेवटचा कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते. त्यांनी तो खाली ठेवला आणि पेन्सिल हातात धरून वाट पाहू लागले.

शिकवणाऱ्याला याहून भीतीची वेळ नाही. मुले समोर आहेत, घंटेला अवकाश आहे आणि जवळ काही उरलेले नाही. मास्तर फळ्याला पाठ लावून उभे होते. हात खडूने पांढरे झाले होते. घरची भाषा त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसत होती. ती त्यांनी येऊ दिली नाही.

मग मधल्या एका बाकावरून, बहुधा ती शांतता सहन न होऊन, कुणीतरी इंग्रजीत विचारले, “सर, तुम्ही समुद्र पाहिला आहे?”

“नो,” मास्तर म्हणाले. “आय हॅव नॉट सीन.”

आणि मग ते इंग्रजीत बोलू लागले. तुटक, एकेक वाक्य तोलून, काळ चुकवत. लहानपणी एकदा डभोईभोवती पूर आला होता. गावाच्या तटबंदीवर उभे राहिले की सगळीकडे पाणी, शेते नाहीत, रस्ते नाहीत. माणसे नावेतून, ओंडक्यांवरून येत होती आणि रात्री त्यांना गाव कुठे ते दिसेना. तेव्हा त्यांच्या आजोबांनी आणि इतरांनी वेशीवर कंदील टांगले आणि रात्रभर तेल घालत राहिले. शब्द सापडेना तिथे मास्तर थांबत आणि मुलेही थांबत. पुढचे त्यांना कुणी आधी सांगितलेले नव्हते. हिवाळाभर त्या वर्गात आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढे इंग्रजी शिकवले, त्यात मला मास्तरांचे हेच इंग्रजी खरे वाटले. घंटा झाली तरी कुणी उठले नाही.

निरीक्षकांनी आम्हाला व्हरांड्यात थांबवले. “मास्तर, शेवटचा भाग चांगला होता,” ते म्हणाले. “पण तो टाचणात नव्हता. आणि टाचणात होतं ते मुलांना आधीच माहीत होतं. कसं?”

मास्तर काहीही सांगू शकले असते. मुले हुशार आहेत, घरी वाचून आली असतील. ते म्हणाले, “मी शनिवारी त्यांना गोष्ट सांगितली होती, साहेब. गुजरातीत.”

निरीक्षकांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटले असावे. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितले, पण मास्तर उभेच राहिले.

निकाल लागला त्यात मी होतो, ते नव्हते. डभोईच्या छोट्या गाडीवर मी त्यांना पोचवायला गेलो. पत्र्याचे ते दीपगृह त्यांनी वर्गातच ठेवले होते. गाडी सुटेपर्यंत ते माझ्या पुढच्या नोकरीबद्दलच बोलत राहिले. नंतर प्राथमिक शाळेत त्यांनी उरलेली वर्षे काढली. मी दोनदा भेटलो. दोन्ही वेळा आम्ही मराठीतच बोललो, हवापाण्याबद्दल.

ते गेल्याचे कळल्यावर मी डभोईला गेलो. ओसरीवर चारदोन माणसे बसून उठून गेली. मग वहिनी, मास्तरांच्या पत्नी, दाराशी येऊन बसल्या.

“भाऊजी, एक विचारू? तुम्ही होता ना त्या परीक्षेच्या दिवशी वर्गात? यांनी मला कधी सांगितलंच नाही. विचारलं की म्हणायचे, पाठ लवकर संपला. बस, एवढंच.”

“हो वहिनी. लवकर संपला.”

“म्हणजे पोरांना लवकर समजलं?”

“हो.”

“मग?”

मी सांगू लागलो. टाचण म्हणजे काय, धडा नवा का असावा लागतो, उत्तर आधी माहीत असले तर शिकवणे का दिसत नाही. माझेच शब्द मला त्या ओसरीवर परके वाटू लागले. त्या पदर तोंडाशी धरून, अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न तसाच होता. मी मध्येच थांबलो.

सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. मी उठलो आणि ओसरीच्या पायऱ्या उतरलो.