पाच पानं सांगितली होती

आधीच सांगून टाकते, अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता असं म्हणणार होते, पण अजूनही नाहीच म्हणते. माझं काम गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्याचं. कुठे काही कुरकुरलं की ते का कुरकुरलं हे सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. या मंचावरचे कित्येक अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसले आहे, एकदोघांना खोचक प्रतिसादही दिलेत. तेव्हा माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार करायला मला तोंड नाही.

आम्ही जर्मनीत नेकारसुल्मला राहतो. मी, नवरा अमेय आणि सात वर्षांची इरा. घर दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका बाजूला द्राक्षमळ्याचा उतार आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचं छप्पर दिसतं. गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. डिसेंबरात इराला वाइनाख्ट्सफेरिएन, म्हणजे नाताळची सुट्टी, लागली की आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर पुण्याला जायचं, आणि तिथून तीन दिवस कोकणात, असं ठरलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरच्या आतल्या अंगाला आमची कुलदेवी आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

सहलीची आखणी अमेयने हातात घेतली, म्हणजे अर्थातच एक्सेल शीट आली. देवळांना पिवळा रंग, समुद्राला निळा, जंगल आणि धबधब्यांना हिरवा.

"डिसेंबरात धबधबा?" आई म्हणाल्या. "तिथे तू काय बघणार आहेस, दगड?"

"आल्झो, रिव्ह्यू चांगले आहेत गं आई."

"रिव्ह्यू जुलैतले असतील."

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं. पण ज्यांच्यासाठी ही सहल होती त्या आईच यायला तयार नव्हत्या. म्हणजे कोकणात येणार होत्या, देवीसमोर जाणार नव्हत्या. "तुम्ही वर जाऊन या. ओटी तू भर. मी खाली गाडीत बसते," असं त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं.

कारण उघड होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. लग्न झाल्यापासून दरवर्षी या देवीची ओटी आईंनी भरलेली. मग अण्णांच्या फुप्फुसांचं दुखणं सुरू झालं. देवळाच्या पायऱ्या चढणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय आई जायला तयार नव्हत्या. त्यातच ते गेले. आता आईंच्या मते ओटी भरणं त्यांना शोभत नव्हतं. मला संताप आला. आईंचा नाही, ज्यांनी कोणी हे त्यांच्या डोक्यात भरवलं त्यांचा. मी भांडून पाहिलं, अमेयने लाडीगोडी लावून पाहिली. इरा तर त्यांच्या मांडीवर बसून "आजी, डू कॉम्स्ट मिट, ओके? तू पण यायचंस!" म्हणत राहिली. आई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या, पण येते काही म्हणाल्या नाहीत. आईंचे गुडघे दर वर्षी थोडे थोडे रुसत चालले होते. या वेळी राहिलं तर ते कायमचं राहिलं, हे मला, अमेयला आणि आईंनाही कळत होतं.

अण्णांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना फोनवर बोलायची विलक्षण हौस. कुठेही जायचं असलं की आधी फोन. खोलीवाल्याला, खानावळीला, गुरवाला, जमलं तर वाटेतल्या चहावाल्यालासुद्धा. शेवटच्या वर्षात मात्र त्यांना इतकी धाप लागायची की एक वाक्य धड पुरं होत नसे. आम्ही इथून फोन केला की "कसं… काय…" एवढं म्हणून ते फोन आईंकडे द्यायचे. तो आवाज आमच्या सगळ्यांच्याच कानात राहून गेला आहे.

तर तो शनिवार. नोव्हेंबर, बाहेर धुकं, सकाळचा चहा होऊन गेलेला. अमेय पुठ्ठ्यांचे खोके टाकायला वेर्टश्टॉफहोफला, म्हणजे रद्दी-भंगाराच्या केंद्रावर, गेला होता. इरा खोलीत चित्रं काढत होती. पुण्याहून माझ्या नणंदेने त्याच सकाळी एक नंबर पाठवला होता. देवळाच्या पायथ्याशी वैशालीताई म्हणून आहेत, आधी सांगितलं तर घरगुती जेवण करून देतात. तिकडे आधी पानं सांगावी लागतात, म्हणजे जेवायला किती माणसं ते. ऐनवेळी गेलात तर केळ्यांवर भागवायचं. मी म्हटलं, लगेच सांगून टाकू. फोन स्पीकरवर टाकला, कारण माझे हात कणकेत होते. आई समोर बसून पालक निवडत होत्या.

"नमस्कार ताई, मी लिमये बोलतेय, जर्मनीहून…"

"हां हां, लिमये! सत्तावीस तारखेचं ना? लिहून ठेवलंय की. पाच पानं."

मला वाटलं नणंदेने सांगून ठेवलं असेल. "पाच नाही ताई, आम्ही चारच आहोत."

"चार तुम्ही आणि एक डायवर. डायवर आपल्याच पंगतीला बसेल, त्याला मागच्या पडवीत वाढायचं नाही, असं सांगितलंय ना काल तुमच्या माणसांनी."

खरं सांगते, ड्रायव्हर आमच्या डोक्यातच नव्हता! गाडी ड्रायव्हरसकट ठरवलेली होती, पण इतकी वर्षं इथे स्वतःच गाडी हाकून हाकून आम्ही माणसं मोजली ती चारच. अमेयच्या त्या रंगीत शीटमध्ये धबधब्याला जागा होती, पण तो माणूस कुठे जेवेल, कुठे झोपेल याचा एक रकानाही नव्हता.

"काल कोणी फोन केला होता, ताई?"

"वयस्कर गृहस्थ होते. जर्मनीचे लिमये म्हणाले. ताकात मीठ घालू नका, वेगळं ठेवा म्हणाले. आणि गुरवांना निरोप द्यायला सांगितलाय, तो मी कालच दिला." मग त्या जराशा अडखळल्या. "सुमन कोण तुमच्यात?"

आईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. आमच्या घरात त्यांना या नावाने अण्णांशिवाय हाक मारणारं कोणी नव्हतं. आम्हाला त्या आई, इराला आजी.

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं.

"हां. तर ओटी सुमनच भरेल म्हणाले. तिला म्हणावं, उगाच फाटे फोडू नकोस."

मी फोन कसा ठेवला मला आठवत नाही, पण फोनला कणीक लागली होती हे आठवतं. आई रडल्या वगैरे नाहीत. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "ड्रायव्हरचं पान ते कधीच विसरत नसत गं. पडवीत वाढलं की भांडायचे."

आता इथून पुढे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. पहिला संशय अर्थातच अमेयवर. आईला तयार करायला त्याने हे नाटक केलं असेल तर मी त्याला मनापासून माफ केलं असतं. पण तो घरी आला, मी सांगितलं, आणि तो सरळ खुर्चीत बसला. अमेय खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी ते पांढरे पडले होते. शिवाय नंबर आमच्याकडे आला त्या दिवशी सकाळी, आणि फोन झाला होता आदल्या संध्याकाळी. नणंदेलाही विचारलं. तिलाही तो नंबर आदल्या रात्री उशिरा तिच्या मैत्रिणीकडून मिळालेला. आणि आमच्यापैकी कोणी सोंग केलंच असतं, तर पानं चार सांगितली असती! ड्रायव्हर विसरलो आहोत हेच मुळी कोणाला माहीत नव्हतं.

वैशालीताईंना मी त्या फोनचा नंबर पाठवायला सांगितला. त्यांनी स्क्रीनशॉट धाडला. नंबर जर्मनीचा, आमच्याच गावचा कोड. ओळखीचा वाटेना, म्हणून अमेयने इंटरनेटचं कंत्राट काढून पाहिलं. तो आमचाच नंबर होता, फेस्टनेत्सचा. इथे इंटरनेट घेतलं की गळ्यात पडतो तो घरचा फोन नंबर. त्याला यंत्र मात्र आम्ही कधी लावलंच नव्हतं. राउटर हॉलच्या कपाटावर, त्याची फोनची खाच रिकामी. राउटरची नोंद तपासली, तर त्यावरून एकही फोन गेलेला नाही. कंपनीच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणाला आणि शेवटी सांगितलं की तुमच्याकडून भारतात कॉल झालेलाच नाही. कोणीतरी तुमचा नंबर वापरून थट्टा केली असेल. असेल. असं करता येतं हे मलाही माहीत आहे. पण ताकातलं मीठ? तो हट्ट तर अण्णांचा.

डिसेंबरात आम्ही गेलो. धबधबा कोरडा होता, आईंनी अमेयला त्यावरून दिवसभर चिडवलं. देवळाच्या पायऱ्या त्या एका हाताने मला आणि एका हाताने कठड्याला धरून चढल्या. मधे दोनदा बसल्या, पण वर पोचल्या. गुरवांनी काही विचारलं नाही, नारळ, तांदूळ, खण असं सगळं तबकात तयार होतं. आईंनी ओटी भरली. मी मागे उभी राहून डोळे पुसत होते. मी, जी देवळात फोटो काढायला जाते.

खाली पाच पानं मांडलेली होती. आमचा ड्रायव्हर संतोष संकोचून दारातच उभा राहिला. "मी नंतर बसतो ना काकू," म्हणाला.

"नंतर नाही, आत्ताच बस रे," आई म्हणाल्या. "तुझं पान आधीपासून सांगितलेलं आहे."

ताक आलं, मीठ वेगळ्या वाटीत. जेवण होईपर्यंत आईंनी त्या फोनचा विषय काढला नाही. मीच मनात प्रश्नांची यादी करून आले होते. नेमके शब्द काय होते, मागे कसला आवाज येत होता का, किती वेळ बोलले. त्यातला एकही मला विचारता आला नाही, कारण हात धुऊन आल्यावर आईंनीच वैशालीताईंना गाठलं.

"एक विचारू? फोनवर बोलताना त्यांना धाप लागत होती का हो?"

वैशालीताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"छे हो. चांगला खणखणीत आवाज. उलट मलाच बोलू देत नव्हते."

आई हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि पदराला हात पुसून गाडीकडे निघाल्या.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि कोणी चांगलं सुचवलं तर मी ते आनंदाने घेईन. मधे अमेय म्हणाला, तो न वापरलेला नंबर बंद करून टाकू, क्युंडिगुंग, म्हणजे कंत्राट रद्द केल्याचं पत्र, पाठवतो. मी नको म्हटलं. परवा दुकानातून एक साधा फोन आणला आणि राउटरला लावला. अजून तरी कोणाचा आलेला नाही.