रुंदी आरशासकट की आरशाशिवाय

आमच्या मेहुण्यांना जगातल्या दोन नामांकित गाड्यांपैकी एक घ्यायची होती आणि सल्ला द्यायला त्यांना मी सापडलो होतो. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडायला नको होत्या.

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, बसवराज. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. टॉवेलचा कारखाना सोलापूर शहराबाहेर एमआयडीसीत, पण राहायला अजून भवानी पेठेत, वडिलांनी पहिला माग बसवला त्याच घरात. वर्षानुवर्षं एकच जीप चालवली. ती थकल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की आता एकदाच आणि भारीतली गाडी घ्यायची. कारण अव्वा. अव्वा म्हणजे त्यांची आई, माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे पार गेलेले.

"अव्वाला दारातनं बसवायचं आणि दारातच उतरवायचं. तेवढंच बघा, पाव्हणं," अण्णा मला म्हणाले.

मी तेवढं सोडून बाकी सगळं बघितलं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गाड्यांशी माझा संबंध मोबाईलवरच्या व्हिडिओंपुरता. पण ते इतके पाहिलेत की सासरी माझ्याबद्दल एक गैरसमज पसरला होता (तो मीच पसरवला होता). शेवटी दोन गाड्या उरल्या. एक काळी, जर्मन. दुसरी पांढरी, इंग्रजी वळणाची. काळी चार सेकंदांत शंभरचा वेग गाठते, पांढरीला जरा जास्त लागतात, हे मी जेवताना सांगत होतो तेव्हा माझ्या बायकोनं, सुवर्णानं विचारलं, "अव्वाला कुठं पोचायची एवढी घाई आहे?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लग्नानंतर माझ्या हातून झालेल्या चुकांची सुरुवात बहुधा अशीच असते.

गाड्या दाखवायला दोघं सेल्समन पुण्याहून आले. नावं सांगितली होती त्यांनी, पण आम्ही शेवटपर्यंत 'काळीवाले' आणि 'पांढरीवाले' असंच म्हणत राहिलो. दोघांच्याही अंगात कोट. सोलापूरच्या एप्रिलमध्ये कोट घातलेला माणूस दिसला की लोक आपोआप पाणी आणून देतात.

आधी विजापूर रस्त्यावर दोन्ही गाड्या पळवून झाल्या. अव्वा काळ्या गाडीत मागं बसल्या होत्या. त्यांना चढवायला स्टूल लागलं होतं, पण मी ती बाब गौण धरली. परत येताना काळी माझ्या हातात होती, पांढरी घेऊन अण्णा मागं. अण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी काळीवाले म्हणाले, "सर, इथून पुढे नको."

"दारापर्यंत नेऊन बघायला नको का?" मी म्हणालो. "मी गल्ली मोजलीय."

खरंच मोजली होती, टेप लावून. पण तोंडाशी. गल्लीला कंबर असते, आणि ती विजेच्या खांबापाशी असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काळीवाले खाली उतरून पुढे चालत हातानं खुणा करू लागले. मी आरसे मिटवून गाडी आत घातली. गाडीच्या पडद्यावर आधी पिवळ्या रेघा आल्या, मग लाल, मग सगळा पडदाच लाल झाला आणि ती एकसारखी किंचाळायला लागली.

"ही का रडायलीय?" मागून अव्वांनी विचारलं.

"काही नाही अव्वा, सवय आहे तिला."

आणि गाडी थांबली. उजवीकडे विजेचा खांब, डावीकडे समोरच्यांचा ओटा. दोन्ही बाजूंना बोटभर जागा. दार कुठलंच उघडेना.

काळीवाल्यांचा चेहरा काचेला टेकला. "सर, आता अजिबात हलवू नका. ओरखडा पडेल."

ओरखडा पडला तर ही गाडी आपल्यालाच घ्यावी लागणार, एवढं अर्थशास्त्र मला कळत होतं. सगळ्या तुलनेचा निकाल एका खांबानं लावायची वेळ आली होती.

एवढ्यात अण्णांचा फोन आला. "पाव्हणं, मी येऊ का आत? मागनं ओढून काढतो."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला कागदावरची रुंदी पाठ होती. "या, अण्णा. पांढरी चांगली वीतभर अरुंद आहे. आरामात येईल."

कंपन्यांच्या माहितीपत्रकांत काहीजण रुंदी आरशासकट देतात आणि काहीजण आरसे सोडून. काळीचा आकडा मी आरशासकट वाचला होता, पांढरीचा आरशाशिवाय. हे मला कळलं ते मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आल्यावर. अण्णांच्या गाडीचा एक आरसा गल्लीतल्याच रशीदभाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरला होता, गजांच्या मधोमध. अण्णांनी तो मिटवायचं बटण दाबलं. आरसा मिटेना, गज सोडेना, आणि आत फळीवरची भांडी खडखडायला लागली.

रशीदभाईंच्या बायकोचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. "अजी सुनते, ये मोटर हमारे घर में कायकू आ रई?"

आता पांढरी मागं गेल्याशिवाय काळी निघणार नव्हती, आणि पांढरी खिडकीत अडकली होती. दोन्ही सेल्समन एकमेकांच्या गाडीला दोष देत भांडायला लागले. मी ठरवलं की आपण बाहेर पडून सूत्रं हातात घ्यावीत. छतावरची काच उघडली, सीटवर उभा राहिलो आणि अंग वर काढलं. खांदे निघाले. छाती निघाली. पोटानं नकार दिला.

वर सोलापूरचं ऊन, खाली एसीचा गारवा, आणि मधे मी. छतातून अर्धा बाहेर आलेला माणूस बघून लोक जमले. कोपऱ्यावरच्या एका आजीबाईंनी हात जोडून विचारलं, "कोण्या पक्षाचे तुमी?"

कुणीतरी चहा आणला. माझ्या काखेखालून एक कप आत अव्वांना गेला.

"जावईबापू," आतून अव्वा म्हणाल्या, "तुमी वर काय करायलाव?"

"अडकलोय, अव्वा."

"मग खाली या की. एकानं अडकलं की बास हाय."

त्यांनी माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. दोन बटणं गेली. मी ड्रायव्हरच्या सीटवर येऊन पडलो, तोंड स्टिअरिंगवर टेकलं, आणि हॉर्न वाजला. तो फार भारदस्त होता, एवढं मात्र खरं.

मला रडू येईल असं वाटायला लागलं. गाडीसाठी नाही. आरशातून अव्वा दिसत होत्या. पाय मोकळे करता येत नव्हते म्हणून त्या दोन्ही हातांनी गुडघे दाबत बसल्या होत्या.

शेवटी अण्णांनीच कारखान्यात फोन लावला. टॉवेलचे गठ्ठे आले, परदेशी जायच्या मालातले. ओले करून ते खांबाभोवती गुंडाळले, ओट्याच्या कडेला कोंबले. रशीदभाईंनी खिडकीचा एक गज काढून दिला. पांढरी सुटली. मग काळी, इंच इंच, ओल्या टॉवेलांवरून घसरत मागं आली. खांबापाशी बारीक करकर झालीच. दोन टॉवेलांच्या फटीत खांबाचा एक खिळा राहून गेला होता.

काळीवाल्यांनी दारावरच्या लांब ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल गोळा करायला लागलो.

अव्वांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून घरी नेलं. वाटेत, घरातून सामोऱ्या आलेल्या सुवर्णानं विचारलं, "अव्वा, गाडी कशी होती?"

"सीट मऊ हाय," अव्वा म्हणाल्या. "खुर्ची बरी."

अण्णांनी काळीच घेतली. ती कारखान्याच्या आवारात उभी असते, चार सेकंदांत शंभर गाठायला तयार. अव्वा रिक्षानं दवाखान्यात जातात. रिक्षा थेट दारात येते. आणि अण्णांना रोज सकाळी घरून त्या गाडीपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे आलंय. माझ्या स्कूटरवर. खांब जवळ आला की मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडतो.

"पाव्हणं, उतरून ढकलत नेऊ या का?"