गोमूत्राचे डाग

भाऊ गेला त्या पावसाळ्यात आमच्या चुलत्यांनी त्याच्या चित्रांवर गोमूत्र शिंपडलं. इतक्या काळानंतर लिहायला बसलो तरी त्या माणसाविषयी मनात मऊ शब्द येत नाही, आणि तो यावा अशी माझी इच्छाही नाही.

चित्रं म्हणजे सिगारेटच्या पाकिटातून निघणारे पत्ते. भाऊ स्वतः विडीलाही शिवत नसे. तो धाराशिवच्या अदालतीत कारकून होता, आणि वकील मंडळी नवं पाकीट फोडलं की आतलं चित्र त्याच्या मेजावर टाकून जात. जहाजं, राजेराण्या, क्रिकेट खेळणारे साहेब तो मागेल त्याला देऊन टाकी. ठेवी फक्त पाखरं. पत्त्याच्या पाठीवर, छापील इंग्रजी मजकुराच्या कडेनं, तो बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवी : हे पाखरू आपल्याकडं कुठं दिसलं, काय करत होतं. आम्ही निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. भाषा मराठी, अक्षर मात्र उर्दू, असा तो मजकूर असे. पुढं लढाई लागली आणि पाकिटांतली चित्रं बंद झाली. मग विषमज्वरानं भाऊ गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या हातचं जे काही उरलं, ते एका पत्र्याच्या डब्यात होतं.

सुतक फिटलं त्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून आलेले चुलते गोमूत्राचा तांब्या घेऊन घरभर फिरले. अंथरूण, कपडे, भांडी, इथवर रीतच होती. मग त्यांनी डबा उघडला.

"हे काय रे? तुरकी अक्षरं?"

"भाऊचं आहे, काका. पाखरांची माहिती लिहिलीय."

"मग दोनदा शिंपडावं लागंल," असं म्हणून त्यांनी दर्भाची जुडी पुन्हा बुचकळली.

हेच गृहस्थ त्याच अक्षरांत अर्ज लिहून घेऊन तहसीलदारापुढं कमरेत वाकत. मंजूर होऊन आलेल्या अर्जावर त्यांनी कधी गोमूत्र शिंपडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

शिवाय ओल्या पत्त्यांवर झाकण घट्ट दाबून त्यांनी डबा कोठीत ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून वाशीला नेली. गेलेल्याच्या वस्तूला घरच्यांनी लगेच हात लावू नये, असं त्यांचं शास्त्र. ते कुठल्या पोथीत आहे हे विचारलं तेव्हा मला म्हणाले, "लई पुस्तकं वाचतोस, तूच शोध." मी शोधलं. कुठंही सापडलं नाही.

दसऱ्याला ते आले तेव्हा डबा उघडला. आधी वास आला, कुजक्या पाचोळ्यासारखा. पत्त्यांवर पांढरी लव उगवली होती. जिथं जिथं थेंब पडले होते तिथं चहाच्या रंगाचे गोल डाग. काही पत्ते एकमेकांना चिकटून बसलेले. चुलत्यांनी वाकून पाहिलं.

"एवढंच ना? वहिनी, लिंबू द्या अन् चुलीतली राख."

सगळ्यात वर खंड्याचा पत्ता होता. त्या अक्षरांना बोट लागू नये म्हणून त्यांनी तो कडेनं धरून पाटावर उताणा टाकला, म्हणजे अक्षरं खाली आणि चित्र वर, आणि तांब्याचा हंडा घासावा तसा वरून घासला. मी "काका, काका" करेपर्यंत खंड्याची निळाई फडक्यावर आली होती.

"बघ, गेला का न्हाय डाग?"

दारातून आई म्हणाली, "भावजी, पितळ हाय का ते?"

"वहिनी, चित्र काय करायचंय? माणूस मनात ठेवावा."

माणूस मनात ठेवायचा सल्ला तेच देतात, ज्यांच्या मनात भरपूर रिकामी जागा असते.

मी डबा उचलून माझ्या खोलीत नेला. पुस्तकांना बुरशी आली की मी जे करीत असे तेच केलं. पत्ते सुपात पसरून सावलीत वाळू दिले. उन्हात ते पापडासारखे वळले असते. लव सुकून तिची भुकटी झाल्यावर नाकाला रुमाल बांधून पिसानं झटकली. चिकटलेले पत्ते पूर्ण वाळल्यावर बांबूच्या पातळ कामटीनं अलग केले. काही फाटले. चित्रावरचा मळ काढायला दर्ग्याजवळच्या भट्टीतून पाव आणला, कारण पावाचा मऊ गर कागदावर हलका फिरवला की मळ उचलतो.

चुलत्यांनी पाव पाहिला. "सुतक फिटलेल्या घरात पाव आणला व्हय रे? अन् खाणार कोण, ती पाखरं?"

"खायचा नाही, काका. पुसायचाय."

ते हसले. हा विनोद त्यांनी वाशीच्या बाजारात पुढं कित्येक आठवडे विकला, असं ऐकलं. त्यांच्याकडं दुसरा मालही नव्हता.

चित्रांच्या बाजू बऱ्यापैकी स्वच्छ निघाल्या. पाठी मी तशाच सोडल्या. गर तिथं फिरवला असता तर डागांबरोबर पेन्सिलही गेली असती. बरं झालं, भाऊनं शाई वापरली नव्हती, नाहीतर सगळं गोमूत्रातच वाहून गेलं असतं.

पुढं एकदा असे पत्ते जमवणारे एक सुशिक्षित गृहस्थ घरी आले. भिंगातून पाहून हळहळले. म्हणाले, ही मागची खरड खोडून टाका, डाग औषधानं उडवा, मग संग्रह दाखवण्यालायक होईल. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. हे आणि आमचे चुलते एकाच पंगतीला शोभले असते.

खंड्याच्या पत्त्यावर आज पाखरू नाही. एक खरबरीत पांढरा चौकोन आहे, त्यात चोचीचा थोडा तांबूस रंग उरलाय. पण पाठ शाबूत आहे. चुलत्यांना त्या अक्षरांचा विटाळ वाटला म्हणूनच ती पाटाकडच्या अंगाला राहिली आणि वाचली. एवढ्यासाठीही मी त्यांचा आभारी नाही. पत्ता उलटा करून, तपकिरी डागातून, मी वाचतो :

"खंड्या. बेंबळीच्या ओढ्यावर. मला पाहून उडाला नाही."