धुतलेली घोंगडी

कुटुंब निवर्तल्यानंतर मला प्रथम कळले, की वस्तू निवडणे ही एक विद्या आहे आणि ती माझ्याजवळ मुळीच नाही. पत्नी बोटांच्या चिमटीत कापड चोळून, तांब्यावर नखाने टिचकी मारून निर्णय देत असे. मी शेजारी नुसता उभा. तिने घेतलेले पंचे दहा-दहा वर्षे टिकले. अखेरचा विरला, तेव्हा तिच्या निवडीचे म्हणून घरात थोडेच उरले.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. पहाटे जपास बसताना पांघरावयास काही नव्हते. जुन्नरच्या बाजारात गिरणीची तांबडी ब्लँकेटे पाहिली. मऊ, देखणी, आणि माझ्या ऐपतीतली. पण दुकानाचे मालक, एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, स्वतःच म्हणाले, "शास्त्रीबुवा, दोन हिवाळ्यांत याचा भुगा होईल. तुम्हाला एकदाच घ्यायचंय ना? मग पिंपळवंडीला धनगराकडं जा."

पिंपळवंडी आमच्या गावापासून दोन कोस. धनगराने घरच्या मेंढरांच्या लोकरीची काळी घोंगडी काढली, चारी टोके धरून तिची झोळी केली आणि त्यात तांब्याभर पाणी ओतले. खाली थेंब पडला नाही.

"बघा देवा! बापाची घोंगडी मी अजून पांघरतोय."

वर्षभर साठवलेली दक्षिणा देऊन मी ती घेतली.

घरी आल्यावर तिला आंबूस वास जाणवला. विणून झाल्यावर घोंगडीस चिंचोक्याची शिजवलेली खळ लावतात, हे शेजाऱ्याकडून समजले. लोकर शुद्धच, पण शिजवलेल्या पदार्थाच्या लेपाने खरकटे झालेले वस्त्र पांघरून जप कसा करावा? शंका विचारावी असे माणूस घरात नव्हते. कुकडी नदीच्या पात्रात मी ती तीनदा रिठ्याने धुतली, दगडावर आपटली. वाळल्यावर उचलली, तो पोतेऱ्यासारखी लोंबू लागली. वीण सैल होऊन तीतून ऊन दिसत होते. पाणी ओतून पाहिले. ते सरळ माझ्या पायांवर आले.

सारा हिवाळा पुढे होता आणि दुसरी घेण्याचे सामर्थ्य नव्हते. दोन दिवस लाजेत दवडून तिसऱ्या दिवशी पुन्हा पिंपळवंडीस गेलो.

"देवा, हिला काय केलंत?" धनगराने विचारले.

"धुतली. ती खळ..."

"खळ धुतली? आवो, खळ हाय म्हणून तर धागा धाग्याला धरून ऱ्हातो!"

ओट्यावर लोकर पिंजत बसलेली त्याची बायको म्हणाली, "घोंगडीला सोवळ्यात घेतली बाबांनी. आता जानवं बी घाला तिला."

"गप गं," तो ओरडला खरा, पण त्याच्याही मिशा हलल्या. मलाही हसू आले. कित्येक महिन्यांत माझ्या हसण्याचा आवाज माझ्याच कानी पडला नव्हता.

मी माझी शंका सांगितली. बाई म्हणाली, "चिंचोका तुमी पानात वाढून घेता व्हय बाबा? मंग त्यो खरकटा कसा?"

धर्मशास्त्राच्या साऱ्या पोथ्या बाजूस सारून मी घोंगडी तिच्या पुढ्यात ठेवली.

तिने नवी खळ शिजवली. दोघांनी घोंगडी खुंट्यांना ताणून बांधली आणि कुंच्याने खळ चढवली. ती वाळेपर्यंत मला अंगणातल्या दगडावर बसून राहणे भाग होते. मला काय चालेल हे जाणून बाईने शेळीचे धारोष्ण दूध पुढे ठेवले.

"सैपाक कोन करतं, बाबा?"

"मीच."

"मीठ जास्ती पडतं का कमी?"

"बहुधा विसरतो."

"लई बरं! विसरल्यालं वरून घालता येतं," ती म्हणाली आणि पुन्हा पिंजू लागली.

उन्हे कलली तेव्हा घोंगडी ताठ झाली होती. धनगराने पाणी ओतून दाखवले. थेंब गळला नाही. पैसे त्याने घेतले नाहीत. घडी माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाला, "आता हिला आंघूळ तेवढी घालू नका. मंग पुन्यांदा हितवर यायची येळच येनार न्हाई तुमाला."

त्याचे बोलणे खरे ठरले. निमित्तावाचून कोणाच्या दारी जाण्याची मला सवय नाही. पंधरा हिवाळे लोटले. दर मार्गशीर्षात मी घोंगडी उन्हात पसरतो आणि काठापासून काठापर्यंत बोटांच्या चिमटीत धरून सावकाश तपासतो. कोठे विरलेली सापडत नाही.