बाईंची कवळी

माझे वरचे दात पुढं होते. गल्लीतली पोरं मला किसणी म्हणायची आणि मी त्यांना दगड मारायची, त्यामुळं फिट्टंफाट होती. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, पोरगी कॉलेजला गेली, पण हसताना तोंडावर हात ठेवायची सवय काही गेली नाही. लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत माझे दात नाहीत. एका फोटोत तर मी नवऱ्याच्या फेट्याच्या शेमल्याआड गेलेली आहे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी ते सरळ करायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "आता कुणाला दाखवायचेत?" मी म्हणाले, "तुम्हाला तर नक्कीच नाही." विषय तिथंच संपला आणि दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सोलापूरला गेलो. तिथली दातांची डॉक्टर माझ्या पोरीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिनं मला काकू म्हटलं, ओठ प्लॅस्टिकच्या आकड्यांनी कानापर्यंत ताणले, आणि तसल्या अवस्थेत फोटो काढले. मग महिन्याभरानं परत बोलावून दातांवर बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके चिकटवले आणि अलायनर हातात दिला. काचेसारखा पारदर्शक, दातांच्या आकाराचा साचा. दर दोन आठवड्यांनी नवा घालायचा, तो दातांना थोडं थोडं मागं रेटत नेणार.

"दिवसातले बावीस तास तोंडात पाहिजे, काकू. खाताना काढायचा. पाणी सोडून काहीही पिताना काढायचा."

"चहा?"

"काढून प्यायचा. मग ब्रश करायचा आणि परत घालायचा."

मी दिवसाला सात चहा घेते. हे मी तिला सांगितलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. शाळा येडशीच्या पुढं, डोंगराच्या कडंला आहे. धाराशिवहून रोज एसटीनं जाते. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाकडं पाठ केली, महाराष्ट्राच्या नकाशाकडं तोंड केलं आणि नखानं साचा ओढला. तो निघेना. कोकणाच्या बाजूनं थोडा सुटला, विदर्भाकडं अडकून बसला. शेवटी दोन्ही हातांनी उपसला आणि वळले, तर दारात आमच्या खिचडी करणाऱ्या मावशी ताट घेऊन उभ्या. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं आणि ताट ठेवून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावात झालं, बाईला कवळी बसली.

दुसऱ्या दिवशी माझी खिचडी वेगळ्या वाटीत आली, लापशीसारखी. "लई शिजवलीय, बाई. चावायची गरज न्हाय." मी त्यांना बसवून समजावलं की दात माझेच आहेत, सगळे आहेत, नुसते मागं सारायचे आहेत. त्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. तापात बडबडणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, तसं. तिसऱ्या दिवशी खिचडी आणखी पातळ होती.

त्याच आठवड्यात एका पोराचे आजोबा मुद्दाम फाटकाशी थांबले. त्यांनी स्वतःची कवळी काढून तळहातावर घेतली आणि मला दाखवली. "धा वर्सं झाली, बाई. पयल्यांदा टोचती, मंग सवय हुती. झोपताना तांब्यात ठिवत जावा. खिडकीत ठिवू नका, वांदरं नेत्यात. माजी एक गेली." इतक्या मायेनं सांगत होते की मला खरं सांगवेना. "बरं आजोबा," म्हणाले आणि आत गेले.

हे सगळं चालू असताना वर्गात एक काळजी बसलेली होती, पहिल्या बाकावर. लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी. अक्षर असं की मोती ओवावेत. बोट ठेवून वाचायची, ओठ हलायचे, आवाज नाही. हजेरीला नुसता हात वर. जूनचा पहिला आठवडा सोडला तर डिसेंबरपर्यंत वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. तिची आई एकदा आली आणि म्हणाली, "घरी तर कान खाती, बाई. हितं काय हुतंय तिला?" मी म्हणाले, "बुजरी आहे, होईल हळूहळू." आम्ही शिक्षक असंच म्हणतो.

पण हळूहळू काही झालं नाही. पुढच्या सोमवारी केंद्रप्रमुख प्रत्येक मुलाचं प्रकट वाचन घ्यायला येणार होते. मी तिच्या नावाचा कागद भरून ठेवला. कान तपासावेत, बोलण्यात अडचण आहे, असं लिहिलं आणि सही केली. सोमवारी तो कागद त्यांच्या हातात गेला की पोरगी 'न बोलणारी' म्हणून शिक्का घेऊन पुढच्या वर्गात जाणार होती. आणि हे शिक्के कसे असतात ते मला माहीत आहे. पाचवीतल्या शिक्षकालाही ते आधी दिसतात, पोरगी नंतर.

आता माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. आमच्या भागात शाळेला साळा म्हणतात. शेताला सेत, शेळीला सेळी. मीही म्हणायची. माझं माहेर ईट गावाच्या बाजूला, तिथं सगळे असंच बोलायचे. डी.एड.ला गेल्यावर एक मैत्रीण माझ्या 'साळे'वर पोट धरून हसली आणि त्या वर्षात मी तो स जिभेवरून खरवडून काढला. मग नोकरीला लागल्यापासून एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या जिभा खरवडत आले. जूनच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला उभं करायचं. म्हण, शाळा. साळा म्हटलं की परत. "जीभ वर घे. वर. अजून वर." जमेपर्यंत खाली बसायचं नाही. एका साहेबांनी कधीतरी म्हटलं होतं की बाई, तुमची पोरं पुण्याची वाटतात. त्यावर मी वर्षभर फुगून होते.

त्या मुलीला मी जूनमध्ये अकरा वेळा म्हणायला लावलं होतं. अकराही वेळा साळाच आलं. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले, तोंडावर हात ठेवून. ती खाली बसली. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या टाळक्यात सहा महिने आलं नाही. कानाची तपासणी सुचली, हे नाही सुचलं.

तर कवळीचं मी पचवलं, पण जीभ पचेना. साचा घातला की माझा स घसरायला लागला. "सगळे सरळ बसा" म्हणायला जावं तर "शगळे शरळ बशा" यायचं. घरी नवऱ्यानं परीक्षा घेतली. "साठ म्हण." शाठ. "एकसष्ट." ते काय आलं ते लिहिता येत नाही. तो इतका हसला की त्याला उचकी लागली. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्यानं ते ओळखलंही नाही, कारण तसंही मी कमीच बोलत होते.

वर्गात साचा काढून ठेवावा, तर बावीस तास कुठनं भरायचे? सात चहांनी आधीच वाट लावली होती. शिवाय मी हट्टी आहे. जिभेला वळण लावणं हा माझा धंदा, माझीच जीभ ऐकत नाही म्हणजे काय?

पण पहिलीची पोरं बाईच्या मागं म्हणतात. बाई जसं म्हणेल, तसंच म्हणतात. चौथ्या दिवशी अंकांची उजळणी चालू होती आणि माझ्या कानावर आलं, "शहा, शात, आठ." तेवीस पोरं, एका सुरात. दुसऱ्या दिवशी एक आई फाटकाशी गाठून म्हणाली, "बाई, आमचं पोरगं साकरंला शाखर म्हनतंय. म्या मनलं, बाईनीच शिकविलंय. मंग आता आमीबी तसंच म्हनायचं का?" चेष्टा नव्हती. तिला खरोखर नियम बदलला असं वाटलं होतं. एकोणीस वर्षं मी या गावाला श दिला होता. आता तो नको तिथंही बसायला लागला होता.

शनिवारी सकाळची शाळा. केंद्रप्रमुख यायच्या आधीचा शेवटचा दिवस. मी फळ्यावर ससा काढला, कान लांब काढले, म्हणजे चूक व्हायला जागा नको. जीभ दातांमागं दाबून धरली आणि म्हणाले, "म्हणा, शशा."

"शशा," वर्ग म्हणाला.

"तशं नाही. नीट ऐका. श... शशा."

"श... शशा."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्‌ केलं. मग दुसऱ्यानं. मग सगळा वर्ग हसायला लागला, तोंडं उघडी टाकून, पडलेल्या दातांच्या खिडक्या दाखवत. माझा हात आपोआप तोंडावर गेला. कान गरम झाले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हातात खडू, आणि मला तिथनं पळून जावंसं वाटत होतं. घरी जावं, दार लावावं आणि परत कुणाशी बोलूच नये, असं वाटत होतं.

"ससा."

आवाज पहिल्या बाकावरून आला. इतका स्वच्छ की वर्ग गप झाला. वेण्यावाली मुलगी उभी राहिली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, आणि तो चांगला ठणठणीत होता.

"बाई, ससा म्हना."

मी हात खाली घेतला. "शशा."

"न्हाय. जीभ खाली घ्या," ती म्हणाली. "खाली. आजून खाली." हुबेहूब माझा सूर. मान तिरकी करायची माझी लकबसुद्धा. "म्हना आता."

"शशा."

"परत."

मी परत म्हटलं. आणखी परत. तिनं एकदाही आवाज चढवला नाही आणि एकदाही सोडलं नाही. मागून कुणी हसायला लागलं की ती नुसती वळून बघायची. आठव्या वेळेला माझा धीर सुटला. मी नकाशाकडं वळले, साचा ओढून काढला, डबीत टाकला आणि वळून म्हणाले, "ससा. ससा. ससा." तिन्ही वेळेला लख्ख. "बघितलंस? येतंय मला. ते प्लॅस्टिकमुळं होत होतं." पहिलीतल्या पोरीपुढं मी शेखी मिरवत होते.

तिनं डबीकडं बघितलं. मग स्वतःच्या पुढच्या दातांना बोट लावून बघितलं, काही सुटतंय का म्हणून. तिला राग आलेला नव्हता. ती नीट विचार करून बोलली.

"बाई, तुमचं काडता येतंय. माजं साळा कुटनं काडू?"

मला लाज वाटली. दातांची एवढ्या वर्षांत जेवढी वाटली नव्हती, तेवढी त्या एका मिनिटात वाटली. मी तिच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागले. "नको काढू," म्हणाले. मी साचा धुवून परत घातला आणि आम्ही दोघींनी मिळून पुस्तकातला तो अख्खा धडा मोठ्यानं वाचला. तिचे श तिच्या पद्धतीनं, माझे स माझ्या पद्धतीनं. वर्गाला मजा वाटली, पण हसलं कुणी नाही. सुट्टी झाल्यावर तो भरलेला कागद फाडला आणि मावशींच्या चुलीत घातला. त्या म्हणाल्या, "कशाचा कागद, बाई?" मी म्हणाले, "माझ्याच चुकीचा."

सोमवारी केंद्रप्रमुख आले. खुर्चीवर बसले, चष्मा लावला, यादी हातात घेतली. सकाळी घरातून निघताना नवरा म्हणाला होता की आजच्या दिवस तो साचा डबीत ठेव, साहेबांपुढं शोभा नको. मी तो तोंडातच ठेवला होता. पोरं एकेक वाचून गेली. तिची पाळी आली. ती उभी राहिली, पुस्तक दोन्ही हातांनी धरलं आणि एवढ्या मोठ्यानं सुरुवात केली की व्हरांड्यातून मावशी डोकावल्या.

"माजी साळा. माजी साळा लई छान आहे." 'लई' पुस्तकात नव्हता, तो तिचा. एकदाही न अडखळता तिनं पान संपवलं आणि माझ्याकडं बघितलं.

केंद्रप्रमुखांनीही माझ्याकडं बघितलं. चष्मा नाकावर आला. "बाई, तुमच्या वर्गात साळा?"

"बरोबर वाचलं तिनं, शर," मी म्हणाले.