फिरवलेल्या निवाड्याचं पान

बडोद्यात अलकापुरीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी सात वर्षं नोकरी केली. त्या कामाला आता पॅरालीगल म्हणतात. तेव्हा मला सगळे कॉम्प्युटरवाळी बेन, म्हणजे कॉम्प्युटरवाल्या ताई, म्हणायचे. साहेबांनी आधी निवाड्यांच्या सीडी घेतल्या, मग इंटरनेटवरच्या एका साइटची वर्गणी भरली, आणि ते चालवायला ऑफिसात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मोडेम खरखर करत एकदाचा जोडला गेला की इंग्रजीत दोन-तीन शब्द टाकायचे, आणि देशभरातले निवाडे समोर हजर. आमच्या आजोबांनी जन्मभर संस्थानाच्या दफ्तरात कागद लावले होते. मला वाटलं, त्यांचंच काम मी पुढे करते आहे, फक्त धुळीशिवाय.

ते वाटणं फार टिकलं नाही. साहेब निवाडा कधीच पुरता वाचत नसत. सुरुवातीचा चार ओळींचा सारांश वाचायचा, आपल्या बाजूची ओळ दिसली की खूण करायची आणि बाकीचं माझ्याकडे ढकलायचं. तोंडात कायम पानमसाला. पान उलटताना अंगठा जिभेला लावायचे, आणि ते ओले, तांबूस कोपरे चिमटीत धरून मला झेरॉक्स काढाव्या लागायच्या. घरी गेल्यावर मी दोनदा साबण लावून हात धुवायची.

लहरीपुऱ्यात बांगड्यांचं एक छोटं दुकान होतं. भाडेकरू एक विधवा बाई. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात तिने आठ-नऊ महिने दुकान बंद ठेवलं, आणि तेवढ्यावरून मालकाने जागा खाली करून मागितली. मालक आमचे पक्षकार. साहेबांना असा निवाडा हवा होता की घरातला आजार हे दुकान बंद ठेवायला पुरेसं कारण नाही. मला तो मिळाला, अगदी हवा तसा. पण त्या साइटवर निवाड्याच्या खाली पुढे त्याचं काय झालं तेही दिसायचं. मी तिथे गेले, तर दोन वर्षांनी मोठ्या पीठाने तो निवाडा फिरवला होता. मी दोन्ही छापले, पिनेने जोडले आणि साहेबांसमोर ठेवले.

त्यांनी पहिला वाचला, दुसऱ्याची दोन पानं चाळली. मग पिन काढून दुसरा निवाडा माझ्याकडे सरकवला.

"बेन, आ काढी नाखो," ते म्हणाले. हे काढून टाका.

मी म्हटलं, साहेब, पहिला आता चालत नाही. ते हसले. समोरचे वकील म्हातारे आहेत, पुस्तकांतून शोधतात, त्यांच्या कपाटात हा खंड अजून आलेलासुद्धा नसेल, असं त्यांनी मला समजावलं. आवाजात जराही संकोच नव्हता.

मी काढून टाकलं. म्हणजे फाइलमधून काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं. निकाल मालकाच्या बाजूने लागला. ऑफिसात लीलो चेवडा, म्हणजे बडोद्याचा ओलसर हिरवा चिवडा, आणि पेढे आले. सगळ्यांनी खाल्ले, मीही एक पेढा तोंडात घातला आणि बाथरूममध्ये जाऊन थुंकून टाकला. किळस साहेबांची वाटत होती, तशी माझी स्वतःचीही.

समोरचे म्हातारे वकील आमच्या ओळखीचे. मी त्यांना काका म्हणायची. रविवारी सकाळी तरसालीला त्यांच्या घरी गेले आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग पानाच्या तळाशी बोट ठेवलं. त्या साइटवरून काही छापलं की खाली वर्गणीदाराचं नाव आणि तारीख उमटायची. आमच्या ऑफिसचं नाव होतं, आणि तारीख सुनावणीच्या आधीची.

"हे तुला आधी माहीत होतं," काका म्हणाले.

मी हो म्हटलं. काकूंनी आणलेला चहा मी तसाच धरून बसले होते. शेवटी त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. हा दाखवला तर तुझी नोकरी जाईल, मी अहमदाबादला हायकोर्टाच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकातून नक्कल काढून आणतो, असं म्हणाले. सत्तरी उलटलेला माणूस दुसऱ्या दिवशी बसने गेला आणि नक्कल घेऊन आला.

अपिलात काकांनी तो निवाडा वाचायला घेतला, तेव्हा मी साहेबांच्या मागे फायली घेऊन बसले होते. जज्जसाहेबांनी आमच्या साहेबांना विचारलं, हा तुम्ही खालच्या कोर्टात का दाखवला नाही? साहेब लगेच उठले. माझ्याकडे हात करून म्हणाले, आमच्या ऑफिसमधल्या या बेन कॉम्प्युटरवर शोधतात, त्यांच्या नजरेतून सुटलं, मी दिलगीर आहे.

जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बांगडीवाल्या बाईनेही वळून पाहिलं, ठेच लागल्यावर दगडाकडे पाहावं तसं. काका खाली मान घालून कागद चाळत राहिले. मी उभी राहिले.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.

बाईंचं दुकान वाचलं. गाडीत साहेब मला म्हणाले, बेन, तुम्ही छान सांभाळून घेतलंत. त्यांनी मसाल्याची डबी माझ्यापुढे धरली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तीन महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली तेव्हा राजीनामा दिला. कारण लिहिलं, घर लांब पडतं.

नव्या ठिकाणी, फिरवलेला निवाडा छापला की पहिल्याच पानावर लाल शाईने तसं मोठ्या अक्षरांत लिहायची सवय मी लावून घेतली. पहिल्याच वर्षी तिथल्या एका तरुण वकिलाने त्या अक्षरांवर पांढरी शाई लावून पान झेरॉक्सला पाठवलं. या वेळी मात्र मी मशीनपाशी जाऊन ते पान काढून घेतलं आणि त्याच्यादेखत त्याच्या वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वरिष्ठांनी पान उजेडात धरून पाहिलं. मग त्याला एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी आधी पांढरी शाई नीट वाळू देत जा.